दोरा ओवून दिला फक्त

३ मार्च
जॉब मिळाला. तोही माझ्या लाडक्या परीकथाकाराच्या घरात. तो जाऊन बरीच वर्षं झाली, आता घराचं म्युझियम झालंय आणि मी गाइड. राहायला वरची खोली. त्याची धाकटी बहीण सगळं सांभाळते, सगळे तिला आत्या म्हणतात. दिवसभर भरतकाम करत बसते. म्हणाली, दिसतोस चिमणीएवढा, बडबड अख्ख्या थव्याची. बागेत म्हातारे माळीकाका आहेत. तोंडावर मफलर, उजव्या हातात मोजा. बोलत नाहीत.

६ मार्च
टूर त्याच्या पलंगापाशी संपते. तिथे 'ओठ शिवलेला राजपुत्र' सांगायची. राजाचं गुपित फुटू नये म्हणून राजपुत्र स्वतःहून ओठ शिवून घेतो आणि जन्मभर महालात राहतो. लोक रडतात. मग म्हणायचं, लेखकाने लग्न केलं नाही, त्याचं प्रेम फक्त परीकथांवर. पण कपाटात शर्ट दोन मापांचे आहेत. दाढीचे वस्तरेही दोन. मला शाळेतच वाटायचं, हा माझ्यासारखाच असणार. मला मुली आवडत नाहीत, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.

९ मार्च
आज टूरमध्ये बोलून टाकलं, की त्याचं एका पुरुषावर प्रेम होतं. असलं काही पहिल्यांदाच मोठ्याने बोललो. एकदम हलकं वाटलं. खिडकीबाहेर माळीकाका उभे. झारी रिकामी झाली तरी तशीच धरलेली. मोठ्या मापाचा शर्ट त्यांना बरोबर बसेल.
आत्या एवढंच म्हणाली, जीभ फार चालते हो तुझी.

१० मार्च
काकांना सरळ विचारलं, तो माणूस तुम्हीच ना. त्यांनी मफलर खाली केला. ओठांच्या वर-खाली भोकांचे वण, ओळीने. मी म्हटलं, आत्याने केलं ना हे, पोलिसांत जाऊ. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मागे आत्या उभी होती. म्हणाली, मी कशाला शिवीन. दादाने शिवले. बोभाटा होईल म्हणून घाबरला होता. मी दोरा ओवून दिला फक्त. टाके नंतर काढले, पण बोलायचं राहूनच गेलं याचं. गोष्ट दादाला त्यानंतर सुचली.
म्हणजे ते 'स्वतःहून' —

११ मार्च
दाराला बाहेरून कडी. चहा कडू होता. डोकं जड —

तारीख माहीत नाही
आत्याचा टाका बारीक. दुखतं फार. खाली नवीन गाइड आलीय. तीच गोष्ट. लोक रडतायत, ऐकू येतं.
लिहिता येतंय अजून. वही खिडकीतून टाकली तर कोणीतरी —

दुपार
वही पाहिली तिने. हसली. काकांकडे बोट दाखवून म्हणाली, हाही आधी लिहायचा. काकांना मोजा काढायला लावला. बोटं सगळी एकमेकांना — बदकाचा पाय जसा —
तिला सुईचं नेढं आता दिसत नाही. सुई तिने धरलीय, दोरा काका ओवतायत. काका, तुम्ही तरी —
ओवला.
माझं मनगट काकांनीच ध