गुरुपादप्पांच्या आडाचं पाणी

लातूर, २ एप्रिल १९८६

पोहोचलो एकदाचा. नांदेडहून सकाळची गाडी धरली. मांडीवर बरणी, बरणीत चार गप्पी मासे. कंडक्टरनं विचारलं, ह्यांचं अर्धं तिकीट फाडू का? सगळी गाडी हसली.

नवा जिल्हा म्हणजे सगळंच नवं. ऑफिसच्या भिंतींना अजून रंग नाही, नकाशांना कपाट नाही, आणि आरेखकाला, म्हणजे मला, टेबल मिळायला दोन दिवस लागणार आहेत. घर मात्र झकास मिळालं. दोन खोल्या, वर स्लॅब, मागं परसात आड. चौकात टँकरपुढं घागरींची रांग लागलेली असताना ह्या आडात पाणी आहे! मी पोचल्याबरोबर तांब्याभर प्यालो. गोड लागलं.

मालक गुरुपादप्पा म्हणजे भुसार मालाचे दुकानदार. वय साठीच्या घरात, कपाळभर भस्म, बोलणं मऊ. घरात माणसं किती, पाणी किती लागतं, हे त्यांनी बारकाईनं विचारलं. माशांची काचेची पेटी आहे, साठ लिटर पाणी लागतं, शिवाय दर आठवड्याला निम्मं बदलावं लागतं, असं मी भीतभीतच सांगितलं. असल्या दुष्काळात कोण ऐकून घेईल? पण त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, लई चांगलं, वापरा भरपूर.

बायको शिवकन्या आणि लेक गोदू वीस तारखेला ट्रकमधून सामान घेऊन येतील. लेकीनं मला बजावून पाठवलंय: आधी पाणी बघा, मगच माझे मासे हलवायचे. नऊ वर्षांची आहे, पण बोलली ते बरोबर. ते मासे गोदावरीच्या पाण्यावर वाढलेत. इथलं सोसतं का ते आधी गप्पींवर पाहायचं.

४ एप्रिल

आज पाणी तपासलं. लिटमस कागदानं रंग बदलला नाही. साबणाचा फेस चटकन आला. मग पातेलंभर पाणी आटवून पाहिलं. इथल्या काळ्या दगडातलं पाणी जड असतं, तळाला पांढरी खपली धरायला हवी. पातेलं कोरंच्या कोरं राहिलं. मी एवढं मऊ पाणी कधी पाहिलं नाही.

निम्मं नांदेडचं, निम्मं इथलं पाणी बरणीत घातलं. चौघंही मजेत आहेत. सवयीप्रमाणे दोरानं आड मोजला. काठापासून अकरा हातांवर पाणी आहे.

६ एप्रिल, रविवार

समोरच्या चांगुणाबाई पहाटेपासून टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. मी म्हटलं, आमच्या आडाचं न्या की. त्यांनी घागर पाठीमागं घेतली आणि म्हणाल्या, "न्हाई दादा. त्या पान्यात काईच मरत न्हाई."

मला ती स्तुतीच वाटली. शिवकन्येला पत्रात कळवलं, पाणी उत्तम आहे.

एक गोष्ट लक्षात आली. गुरुपादप्पा रोज येऊन बसतात, पण माझ्याकडचा चहा घेत नाहीत. पाण्याची बाटली दुकानातून भरून आणतात.

९ एप्रिल

सकाळी एक गप्पी जमिनीवर पडलेला दिसला. रात्री कधीतरी उडी मारली असणार. वाळून कागदासारखा झालेला, मुंग्यांनी एक डोळा नेला होता, पोटही पोखरलं होतं. दोष पाण्याचा आहे का, हे कल्ले पाहून कळेल, म्हणून त्याला वाटीभर पाण्यात भिजत घातलं आणि ऑफिसला गेलो.

संध्याकाळी आलो तर तो वाटीत पोहत होता.

मेला नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण पोटाच्या भोकातून वाटीचा तळ दिसत होता.

आड मोजला. आठ हात. पाऊस नाही, कुठं झिरपा नाही, आणि पाणी वर आलं आहे.

१२ एप्रिल

चारही मासे, परत बरणीत सोडलेला तोही, खायचे थांबले आहेत. चौघांची तोंडं एकाच बाजूला. मी बरणी फिरवली. ते वळले आणि पुन्हा परसाकडं, आडाकडं तोंड करून थांबले.

मलाही दोन दिवस भूक नाही. आज नकाशा कापताना पातं अंगठ्यात गेलं. रक्त आलं नाही. पाणी आलं. स्वच्छ, गार पाणी. शेजारच्या टेबलावरचा मारोती बघत होता, मी हात खिशात घातला.

१३ एप्रिल

चांगुणाबाईंना अंगठा दाखवला. त्या मला घरात घेऊन गेल्या. खाटेवर त्यांचे यजमान केरबा पडले होते. डोळे उघडे, कातडी ओली, आणि तोंड आडाच्या दिशेला. चौदा वर्षं खाणं नाही, बोलणं नाही. मरणही नाही.

बहात्तरच्या दुष्काळात गुरुपादप्पांचा धाकटा भाऊ वीरण्णा आड खोल करायला उतरला होता, असं त्या सांगू लागल्या. पहारीखाली झरा फुटला आणि तो पाण्याखाली गेला. त्याला काढायचं तर आड सगळा उपसायला हवा होता. आणि गल्ली तहानलेली होती. गुरुपादप्पांनी उपसू दिला नाही. गल्लीतलंही कुणी आग्रह धरला नाही. गुरुपादप्पा सोडून सगळे ते पाणी प्याले. चांगुणाबाई तेव्हा बाळंतपणाला माहेरी होत्या, म्हणून वाचल्या.

गल्लीतली पाच घरं बंद का आहेत, हे मी विचारलं.

"कुलपं भाईरून हायत, दादा. मान्सं आतच हायत."

१४ एप्रिल

गुरुपादप्पांना धरलं. त्यांनी काहीच नाकारलं नाही. सांगताना रडत होते. वीरण्णा तीन दिवस खालून हाका मारत होता, म्हणाले, पाण्याखालून. अजूनही मारतो. पाणी रोज उपसून वापरलं तर तो खाली राहतो. नाही वापरलं तर पाणी चढतं, आणि पाण्याबरोबर तो. त्यांच्या हातात आता बळ उरलेलं नाही. म्हणून भाडेकरू.

"तुमच्या एकट्याच्यानं हुईना गेलंय, साहेब. घरचे आले की पुरंल."

मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. त्यांनी नुसते हात जोडले.

आड पाच हात.

१५ एप्रिल

नांदेडची गाडी पकडली. शेवटची घरं मागं पडली आणि श्वास थांबला. मासा बाहेर काढल्यावर कसा होतो, तसा. बाया ओरडल्या, कंडक्टरनं उतरवलं. चालत, मग रांगत परत आलो. आडाचं पाणी ओंजळीनं प्यालो तेव्हा छातीत हवा शिरली.

मला इथून जाता येणार नाही. त्यांना येऊ द्यायचं नाही.

१६ एप्रिल

तार केली: येऊ नका, पत्राची वाट पाहा. तारबाबूशी बोलताना आवाज निघेना, ओठांतून पाणी आलं. कागदावर लिहून दिलं.

आड तीन हात. दिवसभर उपसतोय. परसात चिखल झालाय. पाणी उतरत नाही.

१७ एप्रिल

शिवकन्येचं पत्र आलं. तेरा तारखेचं. ट्रक लवकर मिळाला म्हणे. सोळालाच घर सोडून उमरीला मामांकडे, आणि अठराला दुपारी तिथूनच थेट लातूर.

म्हणजे तार बंद घरावर गेली — उमरीला तार करायला धावलो, तर तारघर बंद झालेलं.

आवाज पूर्ण गेला. चांगुणाबाईंना लिहून समजवायला गेलो, त्यांना वाचता येत नाही. खुणा केल्या. गोदूची उंची हातानं दाखवली. त्या समजल्या. म्हणाल्या, उद्या सकाळपासून कोपऱ्यावर बसते, एकालाही आत येऊ देत न्हाई.

दीड हात. खाली पाण्यात केस दिसतात.

१८ एप्रिल, सकाळ

गुरुपादप्पांनी बाहेरून कडी लावली. दाराआडून माफी मागत होते.

चांगुणाबाई कोपऱ्यावर आहेत. खिडकीतून दिसतात. दगडावर बसल्यात, पदर डोक्यावर घेऊन.

परसाकडून ओल्या पावलांचा आवाज. आडाच्या काठावर हात आहे. बोटांना नखं नाहीत.

दुपार

टँकर आला. समोरची वाट अडली. ट्रकचा आवाज मागच्या बोळातून — मागून येतायत. चांगुणाबाई गल्लीच्या चुकीच्या तोंडाला बसल्यात — त्यांना दिसत नाही —

मागच्या खिडकीशी आलो. शिवकन्या उतरली. गोदू. दोन्ही हातांत माशांची पिशवी, उन्हातून सांभाळून आणलेली. चेहरा लाल झालाय. तहानलीय.

गुरुपादप्पा पुढं झाले. ताटलीत गूळ. तांब्या.

ओरडतो आहे. पाणीच येतं तोंडातून. काच फोडली, गज आहेत. गोदू पिशवी आईकडं देऊन माझ्याकडं बघून हात हलवते आहे. तिला वाटतं मी हसतोय.

लिहून दाखवतो. मोठ्या अक्षरात. तिला वाचता येतं. शाई फुटते आहे, हातातून पाणी गळतंय — तांब्या घेतला तिनं — गूळ तोंडात —

गोदू

हे पाणी पि