अठराचा दगड

प्रिय रामहरी,

तुझा नंबर माझ्याकडे आहे, तरी पत्र लिहितोय. फोनवर तू मधेच "बरं, बोलू नंतर" म्हणतोस. कागदाला तसं म्हणता येत नाही. गावाकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे सोडले तर तीही खुशाल. तुझी पेपरातली बातमी तिनं शेजारच्या दिशाकडून दोनदा वाचून घेतली आणि मला म्हणाली, "रामहरी लई हुशार, पहिल्यापासूनच." पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, ते मी विचारलं नाही. सातवीत अपूर्णांकांची गणितं तू कुणाच्या वहीतून उतरवायचास, ते तुला आठवत असेल. दहावीनंतर तुझ्या मामांनी तुला नगरला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला नेलं आणि मी आईबापाबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला गेलो. यात तुझा दोष नाही. मला मामा नव्हता, एवढंच.

एकोणिसाव्या वर्षी मी रस्त्यावर मैलकुली म्हणून रोजंदारीला लागलो. खड्डे बुजवायचे, साइडपट्टीचं गवत काढायचं आणि दर दिवाळीआधी किलोमीटरचे दगड रंगवायचे. इतरांचे आकडे ओघळायचे, म्हणून ब्रश माझ्याकडे आला. पाथर्डीपासूनचे बावीस दगड, सगळे माझ्या हातचे. माझ्या आठाचं टोक जरा वर वळतं, ते मी कुठंही ओळखेन. पुढं बांधकाम खात्यातच कारकून झालो. कॉम्प्युटर स्वतः शिकलो, अंदाजपत्रकं स्वतः शिकलो. रस्ता सुरक्षा निधीच्या प्रस्तावाला काय काय लागतं, म्हणजे तीन वर्षांचे पोलीस पंचनामे, वाहनांची मोजणी, नकाशा, ठिकाणाचं अंतर मीटरपर्यंत, हे आमच्या ऑफिसात मला विचारल्याशिवाय कुणी लावत नाही. फक्त खाली सही दुसऱ्याची असते.

जूनमध्ये तुझा प्रस्ताव नगरहून आमच्याकडे पडताळणीला आला. चिंचेच्या वळणावर कठडा, वेग कमी करायच्या रंबलर पट्ट्या, चमकणारे फलक आणि दोन दिवे. कव्हरवर ठळक अक्षरात तुझं नाव. फाईल छान बांधली होतीस, हे कबूल करायला मला अर्धा दिवस लागला. मग ठिकाणाचा रकाना पाहिला: किलोमीटर १८/३००. चूक कळायला अंतराचं पुस्तक उघडायची मला गरज नव्हती.

तुला सांगतो काय झालंय ते. सहा वर्षांपूर्वी रस्ता रुंद केला तेव्हा जेसीबीनं जुने दगड उपटून बाजूला टाकले. नवे अजून बसलेले नाहीत. त्यातला अठराचा दगड ऊसतोड टोळीच्या बन्सी मुकादमानं ट्रॉलीत घातला आणि पाथर्डीच्या बाजूला आठशे मीटर मागं, स्वतःच्या बांधावरच्या लिंबाखाली नेऊन उभा केला. त्याला शेंदूर फासला, नारळ फोडला. आता तो म्हसोबा आहे. टोळ्या कारखान्याला निघताना तिथं थांबून गुलाल वाहतात. शेंदराखाली माझा अठरा अजून दिसतो, आठाचं टोक वर वळलेलं. वळण त्याच्या पुढं तीनशे मीटरवर. ठाण्यातला हवालदार बाहेरचा माणूस, त्यानं दगडावरचा आकडा वाचला आणि पंचनाम्यात लिहिलं, अठराच्या दगडापुढे तीनशे मीटर. तू नगरला बसून पंचनाम्यातला आकडा उचललास, नकाशावरचं टिंबही त्यावरूनच टाकलंस. खरं वळण १७/५०० ला आहे. १८/३०० ला तलावाकडेचा सरळ, सपाट रस्ता आहे. तिथं आजवर शेळीसुद्धा मेलेली नाही.

मला एका ओळीची टिपणी लिहायची होती. मी लिहिलं, 'तपासले', आणि खाली आद्याक्षर केलं. वाटलं, वरून फाईल परत येईल, कुणीतरी मीटिंगमध्ये तुला विचारील, साहेब, तुम्ही जागेवर गेला होता का? तेवढंच मला पाहायचं होतं. पण वर कुणी म्हसोबाला ओळखत नाही. प्रस्ताव पहिल्या झटक्यात मंजूर झाला.

मग गावात तुझा सत्कार. फेटा बांधताना टाचण्या धरायला मलाच उभं केलं होतं, तू पाहिलंस. त्या दिवशी तुला बाजूला घेऊन सांगायचं ठरवूनच आलो होतो, आईची शपथ. पण तू भाषणात म्हणालास, "आमच्या बिभीषणानंही मदत केली, कागद टाइप करून दिले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एकतीस वर्षांची नोकरी, आणि टाइप. मग मी जेवायलाही थांबलो नाही.

काल सकाळी ठेकेदाराची माणसं आखणीचा चुना टाकायला आली. मी आपण होऊन गेलो, कुणी बोलावलं नव्हतं. सपाट रस्त्यावर पांढरी रेघ पडत होती आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. तेवढ्यात मुक्ताबाई आली. गेल्या वर्षी ट्रॉली उलटली तेव्हा वळणावर तिची सून गेली, तू प्रस्तावात तिला 'मयत क्रमांक चार' लिहिलंयस. म्हातारीनं त्या माणसांसाठी किटलीभर चहा आणला होता. रेघ बघून मला म्हणाली, "बिभीषणा, हितं कशापायी रं? वळान तर मागं ऱ्हायलं." मी म्हणालो, "साहेबांनी ठरवलंय." ती म्हणाली, "मग आसंल बराबर. रामहरी चुकायचा न्हाई." आणि कपात चहा ओतायला लागली. आधी मला तुझा राग आला, नेहमीसारखा. मग ती पुढं म्हणाली की यंदा ऊसतोडीला नातीला संगं नेतेय, घरी ठेवायला कुणी नाही. बन्सीची टोळी येत्या गुरुवारी त्याच वळणावरून निघतेय. तिच्या हातचा चहा मला घ्यावा लागला, रामहरी. तो मी कसा प्यालो ते मला विचारू नकोस.

आज उजाडताच टेप घेऊन गेलो. तलावाच्या मोरीपासून दोन वेळा मोजलं, १७/५००, एका हाताचाही फरक नाही. बन्सीला सांगून वळणावर चुना फासलेले ड्रम उभे केलेत, पण ट्रॉलीला ड्रम थांबवत नाहीत. निधी ज्या किलोमीटरला मंजूर, तिथंच वापरायचा, हा नियम तुला ठाऊक आहे. म्हणजे शुद्धिपत्रकाशिवाय काम हलणार नाही, आणि सोमवारी सपाट रस्त्यावर खोदाई सुरू होतेय. म्हणून सोबत शुद्धिपत्रक जोडलं आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, 'चूक पडताळणी करणाऱ्यास माहीत होती, त्याने ती कळवली नाही', आणि खाली आद्याक्षर नाही, पूर्ण नाव घातलंय. ती ओळ काढू नकोस. माझं जे व्हायचं ते होऊ दे. पेपरात फोटो पुन्हा तुझाच येईल, तोही आई मला दाखवील. हे पत्र घेऊन येणारा माणूस तुझ्या दारात थांबेल. फक्त तुझी सही हवी आहे. टाइप मी केलंय.

तुझाच, अजूनही तुझ्यावर जळणारा,
बिभीषण