मुलाण्याचा मान

११ फेब्रुवारी १९५८, मंगळवार

निरंक! आज पुन्हा तेच लिहून पाठवलं. ठाण्यातून दर महिन्याला विचारणा येते — आपल्या हद्दीत कोणी परदेशी इसम राहतो काय? आणि गावचा पोलीस पाटील म्हणून खाली सही माझी. सही करत होतो तेव्हा तो परदेशी इसम माझ्याच ओसरीवर बसून बिडी ओढत होता.

बाबालाल मुलाणी परदेशी! धरणाचं पाणी चढलं तेव्हा ह्याच्या बापानं आणि माझ्या बापानं भैरोबा खांद्यावर घेऊन वर आणला. आम्ही दोघं तेव्हा पोरं होतो, मागून समया घेऊन चालत होतो. पण पासपोर्ट पाकिस्तानचा आहे, त्याला काय करणार? अठ्ठेचाळीस साली मुंबईच्या गोदीतून ठेकेदारानं कराचीला नेलं. चार महिन्यांनी येतो म्हणाला. तेवढ्यात परवान्याचा कायदा आला आणि हा तिकडंच अडकला. बायको इथं वारली, तेव्हाही येता आलं नाही. गेल्या दिवाळीत आईला भेटायची परवानगी काढून आला. मुदत संपली. गेला नाही.

मी त्याला जा म्हणालो नाही.

१४ फेब्रुवारी

जीपचा आवाज आला म्हणून बाबालालला मागच्या दारानं पिटाळलं आणि स्वतः गोठ्यात शिरलो. जीप धरणाच्या साहेबाची निघाली. आमची कारभारीण रत्नाबाई हसली. म्हणाली, पाटील घाबरून गोठ्यात जातात, मग गावानं कुठं जायचं? तिला हसायला काय जातं! सही तिची नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

चावडीवर बैठक. बाबालालला इथलं नागरिकत्व मागायचा अर्ज करायचाय. अर्जासोबत ग्रामपंचायतीचा ठराव हवा — हा माणूस आमच्या गावचा. आणि पोलीस पाटलाचा दाखला हवा.

सरपंच गेणबा, माझा चुलतभाऊ, सरळ नाही म्हणाला. मला वाटलं होतं काहीतरी खुसपट काढील, पण तो बोलला ते काही खोटं नव्हतं. त्याचा पोरगा फौजेत आहे, काश्मिरात. "म्हाजा पोरगा बर्फात हुबा ऱ्हातोय," म्हणाला. "त्यानं सुट्टीला आल्यावर इचारलं, आबा, पाकिस्तानवाल्याला गावात घेतलासा का, तर काय सांगू?" बाबालाल खांबाला टेकून ऐकत होता. खाली बघत होता.

मग येसाजी उठला. धनगरवाड्यातला म्हातारा, कधी बैठकीला येत नाही, आज आला. म्हणाला, "पानी चढलं तवा समदं गाव डोईवर भांडी घिऊन हितं वर आलं. तवा कुणी कागद इचारला? गेणबा, तुजा बा बी माज्याच वाड्यात ऱ्हायला व्हता की."

मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. दाखला माझा. मी काय म्हणालो? म्हणालो, यात्रा होऊ द्या, मग बघू.

यात्रा होऊ द्या! जिभेला हाड नाही म्हणतात, माझ्या पाठीलाही नाही. दाखल्यात लिहायचं तरी काय? इतके महिने निरंक लिहिलं आणि आज हा माणूस इथं राहतो म्हणून लिहू? आधी मीच आत जाईन.

९ मार्च

स्वप्नात बेड्या. माझ्या हाताला.

२१ मार्च, पाडवा

गुढी उभारली. उद्यापासून रोजे, म्हणून सुगराबी — बाबालालची आई — दूध न्यायला आली. मी तिला मावशी म्हणतो. तिला यात्रेची काळजी. यंदा मानाचं कसं करायचं, विचारत होती.

हे मानाचं प्रकरण मला आतापासून छळतंय. यात्रेच्या दिवशी देवापुढं मानकऱ्यांची नावं पुकारायची ती पाटलानं, म्हणजे मी. सुतार, गुरव, धनगर, सगळे ठरलेले. ज्यानं त्यानं "हाय" म्हणायचं आणि पुढं यायचं. मुलाण्यानं आपल्या देवाचं नाव घेतल्याशिवाय देवाच्या बोकडाला सुरी लागत नाही. तीनदा पुकारून कोणी बोललं नाही तर त्या घराचा मान गेला — कायमचा.

बाबालाल नव्हता तेवढी वर्षं त्याचं नाव पुकारलं की बायकांतून सुगराबी म्हणायची, "हाय." मग शेजारच्या चांदे गावचा मुलाणी येऊन सुरी चालवायचा, पण मान बाबालालच्या घरचा. यात्रेला फौजदार पाहुणे असतात, पहिल्या खुर्चीवर. ते दरसाल ऐकत आलेत. म्हणून यंदाही तसंच व्हायला हवं. मी मावशीला तसं म्हणालो. ती दुधाच्या तांब्याकडं बघत बसली.

४ एप्रिल

बाबालाल म्हणाला, पाटील, दाखल्याचं काय झालं? म्हणालो, मनावर आहे. तो बरं म्हणाला. एवढंच. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

११ एप्रिल, शुक्रवार

निरोप आला. फौजदार उद्या येणार. दोन शिपाई बरोबर.

सगळं ठरवलं. बाबालालनं सकाळीच देवळावरच्या टेकाडावर येसाजीच्या वाड्यात जाऊन बसायचं, यात्रा पांगेपर्यंत खाली उतरायचं नाही. चांद्याच्या मुलाण्याला सांगावा गेला. सुगराबीला घरी जाऊन बजावून आलो — मावशी, नाव पुकारलं की तू दरवर्षीसारखं हाय म्हण. तिनं मान हलवली.

आता काही चुकायचं नाही.

१२ एप्रिल, शनिवार

झालं ते लिहितो.

सगळं ठीक चाललं होतं. फौजदार खुर्चीवर, नारळ हातात, खुशीत. मी नावं घेत आलो. भिकू सुतार — हाय. धनगरांचा येसाजी — हाय. मग म्हणालो, बाबालाल मुलाणी. आणि बायकांकडं बघितलं.

सुगराबी गप्प.

मला वाटलं ऐकू आलं नसेल. मोठ्यानं पुकारलं. ती माझ्याकडं सरळ बघत होती, पदर तोंडावर घट्ट धरून. गर्दीत कुजबुज सुरू झाली. फौजदारांनी नारळ मांडीवर ठेवला. तिसऱ्यांदा पुकारू नये, तर मी पाटील कसला? आणि पुकारलं आणि कोणी बोललं नाही, तर त्या घराचा मान माझ्याच तोंडानं जाणार. पुकारलं.

"हाय!"

टेकाडावरून. मेंढरं बाजूला सारत बाबालाल धावत खाली येत होता, येसाजीचं घोंगडं खांद्यावर, पायात काही नाही. वरून सगळं ऐकू जात होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! रोजा होता, ओठ सुकलेले. त्यानं देवाला हात जोडले, चांद्याच्या मुलाण्याच्या हातून सुरी घेतली आणि काम केलं. काम नेहमीसारखं झालं.

फौजदारांनी मला बाजूला बोलावलं. "पाटील, हा इतकी वर्षं कुठं होता?" मी पागोटं सारखं करू लागलो. ते म्हणाले, "मग मी सांगू?"

यात्रा झाल्यावर मावशीवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. असं का केलंस म्हणून विचारलं. ती शांत होती. म्हणाली, "त्यो न्हवता तवा त्याची जागा म्या राखली. आता त्यो हाय. आता म्याच हाय म्हनलं, तर त्यो न्हाई असं व्हईल, बाबा. द्येवाम्होरं आपल्या लेकराला न्हाई कसं म्हनू?"

पण मान हलवली होती ना तिनं! ती हो म्हणून हलवली असं मीच धरून चाललो.

१६ एप्रिल, बुधवार

नेला.

ईद चार दिवसांवर. फौजदारांना विनंती केली, तेवढी होऊ द्या. ते म्हणाले, माझ्या हातात नाही. माणूस वाईट नाही तो. जीपमध्ये बसताना मला म्हणाले, "ठराव आणि दाखला जोडून अर्ज आधी आला असता, तर निकाल लागेपर्यंत मला हात लावता आला नसता. आता मुदत संपलेला परदेशी आहे. हद्दीपलीकडं धाडावा लागेल." आणि मग हळूच, "तुमच्या निरंकचंही बघावं लागेल."

आधी आला असता तर! फेब्रुवारीतच सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. ते गाव होतं, येसाजी होता, माझ्या हातात टाक होता. मी भ्यालो. मला दुसरं काही कारण सांगता येत नाही.

बाबालालनं जाताना आईच्या पायाला हात लावला. मला म्हणाला, "पाटील, मान ऱ्हायला न्हवं?" मी हो म्हणालो. सुगराबी रडली नाही. जीप वळणाआड गेली तरी तिथंच उभी होती. रत्नाबाईनं हाताला धरून आणली.

३ मे

ठराव झाला. पहिली सही गेणबाची. कोणी काही विचारलं नव्हतं, आपणहून पुढं आला. म्हणाला, "पोराला म्या पत्रात कळवलं. त्यो लिवतोय, आबा, आपला बाबालाल कशाला धाडला?" मग सगळ्यांचे अंगठे. मी दाखला लिहिला, एका दमात, एकही शब्द न खोडता. टपालात टाकला.

आता कशाला, ते कोणाला ठाऊक नाही. कोणी विचारलंही नाही.

२० जून

मला लेखी ताकीद. पुन्हा खोटी माहिती दिली तर पाटीलकी जाईल आणि खटला होईल. कागद वाचून झाल्यावर पाणी प्यायलो. रत्नाबाई ह्या खेपेला हसली नाही.

८ नोव्हेंबर

दिवाळी तोंडावर आली. दाखल्याला उत्तर नाही. बाबालालचीही काही खबर नाही, जिवंत आहे की नाही तेही कळत नाही. सुगराबी एसटीच्या वेळेला फाट्यावर जाऊन बसते. कोणी काही विचारलं तर म्हणते, पाय मोकळे करायला आले.

आज महिन्याची विचारणा होती. निरंक. आता खरोखरच निरंक आहे आणि लिहवत नाही.

२९ एप्रिल १९५९, बुधवार

उद्या यात्रा. यंदा मावशीला बजावायला गेलो नाही. तो नाही, तेव्हा तीच म्हणेल. फौजदार तेच येणार आहेत. येऊ देत, मला लपवायला काही उरलं नाही.

३० एप्रिल, गुरुवार

बाबालालचं नाव पुकारलं. सुगराबी पुढंच बसलेली. गप्प! पदर तोंडावर घट्ट धरलेला, डोळे माझ्यावर.

म्हणजे तो आलाय!

फौजदारांनी मान वर केली. टेकाडावर मेंढरं हलली. मी दुसऱ्यांदा पुकारलं नाही. मीच मोठ्यानं म्हणालो, "हाय."