चिवड्याची हिरवी पिशवी

मिल्टन कीन्स, सोमवार

ती. अक्कास,

धाकट्या सुलूचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात अजून सुजलेले आहेत, नीट जुळत नाहीत. भाव समजून घे.) तुझा गुडघा कसा आहे? लीड्सला बर्फ पडला म्हणे. इकडे नुसतीच भुरभुर.

तर, तुम्ही मायलेकी दोन वर्षं बोलत नाही आणि मधल्या मध्ये तू मला ओमानला धाडलंस. ‘डॉक्टर झालेली मुलगी हॉस्पिटलची नोकरी सोडून त्या उघड्याबोडक्या डोंगरात भटकी कुत्री सांभाळतेय, ईशिताला चार शब्द सांग आणि परत आण,’ म्हणालीस. अगं, चार शब्द सांगायला माणूस एका जागी उभा तरी राहायला हवा! मी पोचले आणि नेमकी थंडी पडली. उन्हाळ्यात तिथले दगड तव्यासारखे तापतात, म्हणून कुत्र्यांचं वर्षभराचं चालणं या थंडीत उरकायचं असतं. “मावशी, वेदर गॉर्जस आहे, तू पण चल ना,” म्हणत तिने पहिल्याच सकाळी दोन पट्टे माझ्या हातात दिले. तिथले लोक कानटोप्या घालून कुडकुडत होते आणि मी अर्ध्या बाह्यांत घामाघूम. झाड नाही, बाक नाही, नुसता मुरूम आणि चढ. एका कुत्र्याला डावीकडची शेळी दिसायची, दुसऱ्याला उजवीकडची, आणि मध्ये मी (वय त्रेसष्ट) ताणली जायची.

त्यात चाळीस वर्षं इंग्लंडात काढल्यामुळे कुत्र्यामागे पिशवी घेऊन वाकायचं हे अंगात मुरलेलं. ईशिता नको म्हणाली, पण मी ऐकते कुठली! बरं, उचललं तर टाकायचं कुठे? मैलोन् मैल एक बिन नाही. म्हणून त्या हिरव्या पिशव्या गाठी मारून सॅकच्या बाहेरच्या खिशात. आतल्या खिशात माझा चिवडा, तोही त्याच गुंडाळीतल्या पिशवीत. (कोऱ्या, अक्का, कोऱ्या! घरात दुसरी पिशवीच नव्हती.) वाटेत शेळ्या राखणारे एक म्हातारे गृहस्थ भेटले. माझी धाप बघून त्यांनी ओंजळभर खजूर दिले. आता कुणी असं काही दिलं तर आपण त्याला रिकाम्या हाताने पाठवतो का? मी सॅकमधून चिवड्याची पिशवी काढून अदबीने त्यांच्या हातावर ठेवली. तेवढ्यात कुत्र्यांनी मला उतारावर ओढलं. ते मागून काहीतरी ओरडत होते आणि मी वळून वळून हात हलवत होते. घरी येऊन सॅक उघडली, तर चिवडा जागच्या जागी.

ईशिता जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसताना ती थेट तुझ्यासारखी दिसते, त्यामुळे मला धड रागावताही येईना. दुसऱ्या दिवशी तिने मला माफी मागायला नेलं. त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, पण ‘डॉक्टर, डॉक्टर’ करत तिच्यापुढे बीपी तपासायला हात केला. पाठोपाठ शेजारचे चौघेही आले. तासभर मी आपली पट्टे धरून उभी!

एकंदरीत, मी पुन्हा तिकडे फिरकणार नाही. तुझ्या घरच्या भानगडीत यापुढे मला धरू नकोस.

खांद्यातून निखळलेली,
सुलू

ता. क. : तुझे चार शब्द मी तिला सांगितले नाहीत. मला ते सांगण्यासारखे वाटले नाहीत.

ता. क. २ : एअरपोर्टवर म्हणाली, “मावशी, मी आईला दर संडेला फोन करते, ती घेतच नाही. अजून किती ट्राय करू?” येत्या रविवारी अकराला ती पुन्हा करणार आहे. अक्का, उचल.