रिकाम्या खान्याचं शून्य

३ फेब्रु., मंगळ.
नेपियर टाउनच्या लॅबमधून फोन. एका बाईंचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीचा आकडा, आमच्या सॉफ्टवेअरने ०.९ छापलं. नॉर्मल. पायांवरची सूज बघून डॉक्टरांना शंका आली. पुन्हा तपासलं तर १.८.

४ फेब्रु., बुध.
कारण सापडलं. लॅबच्या मेश्राम काकू प्रत्येक नमुना मशीनला दोनदा लावतात, सॉफ्टवेअर सरासरी काढतं. दुसऱ्यांदा बिघडलं की त्या खाना रिकामा सोडतात. आमच्या जावास्क्रिप्ट कोडने रिकाम्याचं शून्य केलं. १.८ अधिक शून्य, भागिले दोन. एरर कुठेच नाही. कोडची ती ओळ मी लिहिलेली.
काकू म्हणाल्या, "झालंच नाही तर काहून लिहू? येवढं बी समजत नाही का तुझ्या कम्प्यूटरले?"

६ फेब्रु., शुक्र.
तिवारी सरांना, म्हणजे मालकांना, म्हटलं की आकड्यांचा भाग रस्ट या दुसऱ्या भाषेत लिहू द्या. तिथे 'आकडा नसेलही' हे आधी सांगावं लागतं, आणि नसेल तर काय करायचं ते लिहिल्याशिवाय प्रोग्राम तयारच होत नाही. सर म्हणाले, खाना रिकामा असेल तर सरासरी नको अशी एक अट टाक, झालं. क्रिएटिनिनला ती कालच टाकली. अशा जागा एकसष्ट आहेत.
"भाषा बदलने से दिमाग थोड़ी बदलेगा, मैडम."
तरी पंधरा दिवस दिले. मग जुनं आणि नवं दोन्ही शेजारी-शेजारी चालवायचं. लॅबला पटलं नाही तर जुनंच.

१२ फेब्रु.
रस्टचा कंपायलर, म्हणजे कोड तपासून प्रोग्राम तयार करणारा, दिवसभर नाही म्हणतो. बाबा म्हणाले, काय करून राहिली इतका वेळ? शिव्या खाते आहे म्हटलं. चहा ठेवून गेले.

१७ फेब्रु.
किमान मर्यादेच्या जागी कमाल लिहिली. दोन्ही आकडेच, कंपायलर गप्प. चाचणीत सापडली. सरांना स्वतः सांगितलं.
"मतलब इसमें भी गलती होती है."
होते. पण काही चुका टाळणं माझ्या लक्षात राहण्यावर सोडलेलं नसतं. हे नीट सांगता आलं नाही.

२५ फेब्रु., बुध.
शेजारी चालवण्याचा तिसरा दिवस. पोटॅशियम: जुन्याने २.४ छापलं, नव्याने रिपोर्ट अडवला. पुन्हा खाना रिकामा. काकूंचा फोन, "तुझं हे नवीन लय नखरे करून राहिलं." तरी नमुना पुन्हा लावला. ४.८.
सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले.  जाताना म्हणाले, सोमवारी लॅबवाल्यांसमोर हे दोन्ही ठेव.

२७ फेब्रु., शुक्र.
प्रिंट काढून ठेवले. काकूही येणार आहेत. त्यांना बोलायचं आहे म्हणे. कोणाच्या बाजूने, फोनवर विचारलं. "सोमवारी सांगते नं," म्हणाल्या. हसत होत्या, बहुतेक.