लॅपटॉपच्या दुकानातला डबा

रुचिताचे बाबा,

रुचिताला घेऊन माहीमला आईकडे चालले. तुमी अजून घोरताय. उठल्यावर फोन करू नका, उचलणार नाय.

तो गेमचा लॅपटॉप घ्यायचा की नाय, यावर महिनाभर माजं डोकं खाल्लंत. नाय म्हटलं तर अबोला धरलात. शेवटी मीच हरले. वाढदिवसाला गुपचूप आणावा म्हणून आज सकाळी बोईसरच्या त्या दुकानात गेले आणि तुमचं नाव सांगितलं.

दुकानदार हसला. म्हणाला, "वहिनी, भावेशदादा शुक्रवार सोडून रोज येतात. दुकान उघडल्यापासून चारपर्यंत हाच लॅपटॉप लावून बसतात. तुमच्या हातचं कोलंबीचं लोणचं आमी सगळे खातो."

मी पाचला उठून डबा भरते. युनिफॉर्मला इस्त्री करते. तुमी गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून निघता आणि माजं लोणचं दुकानात वाटता? वर मलाच ऐकवता, "दिवसभर मरतो मी, मला एक खेळणं पण नको?" आणि कंपनीची शुक्रवारची सुट्टीसुद्धा झोपून पाळता! लाज कशी वाटत नाय?

लॅपटॉप घेतला नाय. घेणार पण नाय.

डबा घासून ओट्यावर पालथा ठेवलाय. नोकरी कधी गेली ती तारीख या कागदाच्या मागं लिवून ठेवा. तेव्हापासून किती पहाटे मी उगाच उठले, ते मला मोजायचंय.

जागृती