नानांचा अननस

लिंबायत, सुरत

ती. मालतीताईस धाकट्या सुकलालचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? आम्ही ठीक. कमलच्या दंडावर आणि माझ्या पोटरीवर ओरखडे आहेत, ते कशाचे ते सांगतो. (फोनच केला असता, पण नाना जवळच बसतात आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत.)

माय गेल्यावर नानांना इथे आणलं, तेव्हापासून ते कुणाशी बोलेनात. ताट ठेवलं की जेवायचे, अंथरूण घातलं की पडायचे. एकदा कमलने अननस चिरला आणि शेंडा कचऱ्यात टाकला. नानांनी तो उचलला, खालची पानं सोलली, सुकू दिला आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात लावला. आपल्या वडिलांना विरंगुळा मिळाला म्हणून मला बरं वाटलं. (पुढचं कुठे ठाऊक होतं!) पानं करवतीसारखी वाढली. अर्धी गॅलरी गेली, कपडे वाळत घालायची सोय गेली. शेजारच्या मंदाबाईंची नवी साडी त्यात अडकून फाटली, तेव्हा त्यांनी कमलशी बोलणंच टाकलं. मी म्हटलं, डबा गच्चीवर ठेवतो. तर नानांनी आपली खाटच गॅलरीत ओढली. आणि एवढं करून फळाचं नाव नाही! दोन पावसाळे नुसती पानं.

यंदा थंडीत मधोमध लाल कोंब दिसला. नाना उठले आणि थेट मंदाबाईंच्या दारात जाऊन म्हणाले, "या, देखा." मंदाबाई रुसवा विसरून आल्या, येताना सगळा मजला घेऊन आल्या. त्यानंतर रोज कुणी ना कुणी बघायला यायचं, आणि नाना फुलं कशी येतात ते समजावून सांगायचे. (चहा कमलने करायचा.)

परवा वास सुटला. कारखान्यात जायच्या आधी नानांनी मला थांबवलं आणि स्वतः अननस चिरला. माझ्या मुठीएवढा, खाणारे मजलाभर. पापडासारख्या पातळ फोडी. माझी तर जीभ चरचरली. नानांनी फोड बराच वेळ तोंडात धरली आणि म्हणाले, "आंबट शे. तुन्ही मायले असंच आवडे."

ताई, माय गेल्यापासून तिचा विषय त्यांनी पहिल्यांदा काढला. कमल तोंड फिरवून शेगडीकडे गेली. मग नाना मायबद्दल बोलतच राहिले, आणि मी कामाला उशीर होऊनही उठलो नाही.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुकलाल

ता.क. नानांना कायमचं तुझ्याकडे न्यायला येतेस म्हणालीस. ये, चार दिवस राहा, पण त्यांना नेऊ नकोस. हे कमलने लिहायला लावलं. (मीही लिहिणारच होतो.)

ता.क. २ तरीही नानांना विचारायचंच असेल, तर मंदाबाई घरी नसताना विचार. त्यांनी ऐकलं तर तुझी खैर नाही.